दारापाशी अडलेली कंदीलवाली

मी गेमचा रिमोट बोलतोय. टीव्हीचा नव्हे. त्याला घरात मान असतो, त्याच्यावरून भांडणं होतात, त्याला प्लास्टिकचं कव्हर घालतात. मी तो, ज्याला दोन्ही हातांनी धरायचं, अंगठ्यांनी दाबायचं आणि हरलात की गादीवर आपटायचं. दुकानदार मला जॉयस्टिक म्हणायचा, शिकलेली माणसं कंट्रोलर म्हणतात. पालेगावात मी रिमोटच होतो आणि अजूनही आहे.

जन्म उल्हासनगरचा, कॅम्प पाचमधला. जन्मगाव सांगितलं की लोक गालातल्या गालात हसतात, त्याची मला सवय आहे. माझ्या पाठीवर एका मोठ्या परदेशी कंपनीचं नाव आहे, पण त्या कंपनीने मला कधी पाहिलेलंही नाही. एका अरुंद गाळ्यात, वरच्या गच्चीवर पापड वाळत घातलेले आणि खाली आम्ही, अशा वातावरणात माझे स्क्रू आवळले गेले. खऱ्या रिमोटमध्ये थरथरायला दोन मोटरी असतात. माझ्यात डावीकडे एक मोटर बसवली आणि उजवीकडे तोल सांभाळायला लोखंडाचा एक तुकडा. त्यामुळे मी जन्मभर अर्ध्या अंगानेच घाबरलो.

आमचा दुकानदार लछूशेठ मोठा गोड माणूस. गिऱ्हाईक मला उलटसुलट करून बघायला लागलं की तो म्हणायचा, "ले जा साईं, ओरिजनल टूटेगा, ये नहीं टूटेगा." तेव्हा मला त्याची लाज वाटायची. आज मात्र म्हणावंसं वाटतं की तो खोटं बोलत नव्हता. माझ्या वेळचे ओरिजनल कधीच भंगारात गेले आणि मी इथे तुमच्याशी गप्पा मारतोय.

गोष्ट माझी असली तरी खरी ती एका दाराची आणि बनूबाईच्या डोळ्यांची आहे. पण ते यायला थोडा वेळ आहे.

मला विकत घेतलं आण्णांनी. अंबरनाथ पूर्वेला पालेगावात त्यांचं घर, घरामागे भाताची शेती आणि नोकरी शहाडच्या कारखान्यात. पोरगा पास झाला तर गेम आणीन असा शब्द त्यांनी दिला होता आणि पोराने, म्हणजे प्रज्वलने, पास होऊन त्यांना चांगलंच अडचणीत आणलं. लछूशेठने टीव्हीला जोडायचा गेमचा जुना डबा दिला, मला दिलं आणि वर एक सीडी फुकट दिली. सीडीवर खाडी, मिठागरं, एक मोठं घर आणि हातात कंदील घेऊन उभी राहिलेली बाई, असं चित्र होतं. आण्णांना वाटलं, काहीतरी कोळ्यांचं, घरगुती असेल. पोरांना बरं.

खेळाचं नाव होतं 'सॉल्ट हाउस'. ते नाव घरात कुणीच घेतलं नाही. सगळे त्याला 'कंदीलवाली' म्हणायचे. एक बाई आपल्या हरवलेल्या बापाला शोधत मिठागराच्या मालकाच्या ओसाड घरात शिरते. घरात अंधार, तिच्या हातात कंदील, कंदिलात थोडंसं तेल, आणि खोल्याखोल्यांतून काय काय सरपटत येतं ते मी सांगत नाही, अजून माझी बटणं शहारतात.

त्या घरात खेळायची पद्धत अशी होती. रिमोट प्रज्वलच्या हातात. शेजारी त्याची मोठी बहीण कीर्ती. कीर्तीला इंग्रजी वाचता यायचं, तिला वाटा लक्षात राहायच्या, आणि मुख्य म्हणजे ती डोळे उघडे ठेवायची. प्रज्वल नाही ठेवायचा. काही धावून आलं रे आलं की हा पठ्ठ्या डोळे गच्च मिटून घ्यायचा आणि कीर्ती कानात सांगायची, "डावीकडे. अजून डावीकडे. आता पळ." बाहेर शेखी मिरवायला मात्र तो पुढे. मी एकट्याने गेम काढला, असं तो शहाडपर्यंत सांगत फिरायचा. त्याच्या तळहातांना किती घाम सुटायचा ते मला विचारा.

दुसरी अडचण अशी की आण्णांची रात्रपाळी असायची आणि ते दिवसा भिंतीपलीकडे झोपलेले असायचे. भुताटकीचा खेळ आणि आवाज करायचा नाही. त्यामुळे टीव्ही अगदी बारीक आणि कीर्तीच्या हाताशी एक उशी. प्रज्वलने तोंड उघडलं की ती उशी त्याच्या तोंडावर. एकदा तरीही तो ओरडलाच. आण्णा उठून आले, लुंगी सावरत दारात उभे राहिले. दोघं भावंडं गारठली. आण्णांनी टीव्हीकडे थोडा वेळ बघितलं, म्हणाले, "तेल जपून वापर, पुढं लागेल," आणि परत जाऊन झोपले.

तिसरा खेळाडू बनूबाई, या पोरांची आई. अंधार हवा म्हणून पोरं भर दुपारी खिडकीवर चादर लावायची आणि बनूबाईला तर त्याच वेळी तांदूळ निवडायचे असायचे. मग ती चादरीचा एक कोपरा वर करून सूप त्या उजेडात ओढून बसायची. खेळाशी आपला काही संबंध नाही असं दाखवायची आणि डोळा सगळा टीव्हीकडे. "उजेड हाय तिथं कंदील कशाला जालतंस?" ती म्हणायची. "वात बारीक कर." प्रज्वल वैतागून वात बारीक करायचा आणि खरोखर तेल पुरायचं. गावच्या बाकीच्या पोरांची कंदीलवाली स्वयंपाकघरातच अंधारात मरायची. आमची तळघरापर्यंत पोचायची. रॉकेलवर घर चालवलेल्या बाईपुढे त्या खेळाचं काही चालत नव्हतं.

आता दार. तळघराच्या टोकाला एक लोखंडी दार होतं. कंदीलवाली चावी फिरवायची, कडीला हात घालायची, आणि तिथेच चित्र गोठायचं. हात कडीवर, कंदील अर्धवट वर, बाई उभी. मी मात्र थरथरतच राहायचो. माझी मोटर बंदच व्हायची नाही. शेवटी प्रज्वल माझी वायर उपटायचा तेव्हा कुठे मी शांत व्हायचो.

पहिल्यांदा त्यांना वाटलं टीव्ही बिघडला. परत खेळले, परत तिथेच. मग चौकशी केली. कॅम्प पाचमध्ये तेच, शहाडला तेच, अंबरनाथला तेच. खरी गोष्ट एवढीच होती की त्या पट्ट्यातल्या सगळ्या सीड्या एकाच खराब सीडीवरून उतरवलेल्या होत्या. पण हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. सगळीकडे खेळ तिथेच थांबतो म्हणजे तो तिथेच संपतो, असं सर्वानुमते ठरलं. बदलापूरच्या एका कॉलेजातल्या विद्वानाने तर त्याचा अर्थही लावून दिला. म्हणे, दारापलीकडे काय आहे ते आपल्या मनावर सोडलंय, फार वरच्या पातळीचं आहे. पोरांनी माना डोलावल्या. पुढे आमच्याकडे एखादं काम झालं म्हणायला 'दारापर्यंत झालं' असं म्हणायची पद्धतच पडली. घराचं बांधकाम दारापर्यंत झालं, कुणाचं लग्न दारापर्यंत आलं.

कीर्तीला एकटीला ते पटलं नव्हतं. चावी दिलीय म्हणजे दार उघडत असणार, एवढंच ती म्हणायची. बनूबाईचं मत वेगळं. "थांबली ते बरा केलान," ती म्हणायची. "काय ठाव पलीकडं काय हाय."

एकदा दाराशी घाबरून ओढाताण करताना प्रज्वलने माझी वायर गळ्यापाशी तोडली. दुसऱ्या दिवशी आण्णांनी कारखान्यातून काळी चिकटपट्टी आणली. वायर सोलली, पिळली, पट्टी गुंडाळली आणि अंगठ्याने दाबून धरली. तो अंगठ्याचा ठसा अजून त्या पट्टीवर आहे. माझ्या अंगावर ओरिजनल म्हणावं असं तेवढंच.

मग व्हायचं ते झालं. प्रज्वल कॉलेजात गेला, कीर्ती लग्न होऊन बदलापूरला गेली, गेमच्या डब्याने राम म्हटला आणि तो भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढला. मीही चढलो असतो. पण त्याच वर्षी आण्णा गेले.

पहाटे छातीत दुखायला लागलं, त्यांना मोठ्या हॉस्पिटलात नेलं. एका दारातून आत घेतलं आणि बनूबाईला बाहेर बसवलं. ती त्या दाराकडे बघत बसली. दार उघडलं तेव्हा बाहेर आण्णा आले नाहीत, डॉक्टर आले. डॉक्टरांनी त्यांच्या परीने सगळं केलं होतं. पण बनूबाईने तेव्हापासून दवाखान्याची पायरी चढायची नाही असं जे मनात धरलं ते सोडलं नाही. घरी आल्यावर आवराआवरीत तिच्या हाती मी लागलो. तिने माझी ती काळी पट्टी बराच वेळ चाचपली आणि मला आण्णांच्या चष्म्याबरोबर स्टीलच्या डब्यात ठेवून दिलं. डब्यात अंधार होता. पण सोबत चांगली होती.

डब्यातून ऐकू सगळं येतं. पालेगावात भाताच्या जागी टॉवर आले. आमच्या घराच्या जागीही आला आणि आम्ही लिफ्टने वर राहायला गेलो. प्रज्वलचं लग्न झालं, अक्षदा घरात आली. प्रज्वल कुठल्याशा कंपनीत साहेब झाला, पोट सुटलं, आणि फोनवर लोकांना रागावायला लागला. मला हसू यायचं. डोळे मिटून पळणारा तो हाच.

आणि बनूबाईच्या डोळ्यांवर पडदा यायला लागला. आधी तिने कुणाला कळू दिलं नाही. तांदळातले खडे बोटांनीच शोधायची, माणसं पावलांवरून ओळखायची. एकदा अक्षदाच्या वडिलांना तिने दूधवाला समजून कालच्या पातळ दुधाबद्दल झाडलं. ते बिचारे पिशवी हातात धरून ऐकत राहिले. घर त्यावर बरेच दिवस हसलं. मग एकदा लिफ्टमधून ती भलत्याच मजल्यावर उतरली, आपलं दार समजून दुसऱ्याचं दार ढकलत राहिली आणि जिन्याकडे वळताना पायरी चुकली. हाड मोडलं नाही, एवढंच. त्यानंतर कुणी हसलं नाही.

डॉक्टरांनी सांगितलं, मोतीबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत पिकलाय. ऑपरेशन छोटं आहे, त्याच दिवशी घरी. मात्र आणखी लांबवलंत तर मग नजर परत आणणं कठीण जाईल. घरी सगळ्यांनी समजावलं. बनूबाई कधीच नाही म्हणायची नाही. आंबे संपू दे म्हणायची. आंबे संपले की गणपती होऊ दे. गणपती झाले की पितर सुरू असताना कुठे शुभ काम करायचं. प्रज्वल चिडायचा, कीर्ती बदलापूरहून फोनवर रडायची, आणि बनूबाई शांतपणे चहा बशीच्या बाहेर ओतायची.

अशात एके दिवशी प्रज्वल मोबाईल घेऊन घरभर नाचायला लागला. कंदीलवाली परत येत होती. तोच खेळ, तेच घर, पण सगळं नव्याने बनवलेलं. जाहिरातीत ते लोखंडी दार दाखवलं होतं आणि ते उघडताना दाखवलं होतं. त्याने ताबडतोब कीर्तीला फोन लावला. "ताई, दार उघडतं गं," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज एकदम लहान झाला. मग त्याला हेही कळलं की दार उघडतं हे सगळ्या जगाला पहिल्यापासून ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त शहाड ते बदलापूर एवढ्याच पट्ट्याला. कीर्तीने 'मी म्हटलं होतं' असं एकदाच म्हटलं, पण फार चवीने. पुढचं काही वाचायचं नाही, कुणाचं ऐकायचं नाही, अशी शपथ मात्र दोघांनी घेतली.

मला माणसांचं एक कळत नाही. ज्या भुताला घाबरून घाबरून बालपण गेलं, तेच भूत परत घाबरवायला येणार म्हणून ती दिवस मोजतात. खेळात कोठीच्या खिडकीशी कुत्रा आहे हे पाठ आहे, तो कधी उडी मारणार हे पाठ आहे, आणि तरी तो दचकवेल ना, याची काळजी. प्रज्वलच्या ऑफिसातले त्याच्याच वयाचे साहेबलोक जेवणाच्या सुट्टीत हेच बोलत, असं तो सांगायचा. कुणाला घराचा हप्ता, कुणाला साखर, कुणाला पोराची ॲडमिशन. त्या भीतीवर वात बारीक करायचा उपाय नाही. म्हणून बहुतेक त्यांना जुनी भीती बरी वाटते. तिच्यात पाठीवर हात ठेवायला ताई असते.

रविवार ठरला. कीर्ती बदलापूरहून सकाळीच आली. खिडकीला चांगले जाड पडदे होते, तरी प्रज्वलने त्यावर चादर लावली. अक्षदाला त्यातलं काही कळेना, ती समोशांची पिशवी ठेवून माहेरी निघून गेली. नवा रिमोट टेबलावर पडला होता. पांढराशुभ्र, वायर नाही, दोन्ही बाजूंनी थरथरणारा. म्हणे पाऊस पडला तर हातात थेंब जाणवतात. दिसायला चांगला होता, मी खोटं कशाला बोलू. पण अंगावर कुणाचा अंगठा नव्हता.

बनूबाई म्हणाली, मना काय दिसतंय, तुमी खेला. तरी येऊन बसली. मग कीर्तीला म्हणाली, डब्यातला तो दे.

कीर्तीने मला काढलं. "आई, हा चालू नाहीये गं."

"मना ठाव हाय. धरायला कायतरी हवं ना."

असा मी पुन्हा मैदानात आलो. माझी वायर तिने गुंडाळून मांडीखाली घेतली आणि अंगठा नेमका त्या काळ्या पट्टीवर ठेवला.

खेळ सुरू झाला. सगळं तेच आणि काहीच ते नाही. पूर्वी कंदीलवालीचं तोंड म्हणजे चार त्रिकोण जोडलेले, आता तिच्या भुवईवरचा घामसुद्धा दिसत होता. प्रज्वल ऐटीत म्हणाला, "आता कोठीच्या खिडकीतून कुत्रा येणार," आणि सवयीने डोळे मिटले. कुत्रा आलाच नाही. त्याने हळूच डोळे उघडले, पुढे गेला, आणि कुत्रा मागच्या दारातून आला. बनवणाऱ्यांनी नेमकी याचीच वाट बघत कुत्र्याची जागा बदलली होती. साहेब असे ओरडले की खालच्या मजल्यावरून विचारणा झाली. पांढराशुभ्र रिमोट सोफ्याखाली गेला. मला आनंद झाला नाही असं मी म्हणणार नाही.

कीर्ती पूर्वीसारखीच सांगत होती, पण आता आईसाठी. मात्र ती बरंच गाळत होती. आईचं वय झालं, उगाच कशाला घाबरवा, असा तिचा हिशेब.

"काही नाही आई, रिकामी खोली आहे."

"रिकामी खोली हाय तर हा पज्या कशाला बोंबलतंय?"

बनूबाईने दोन तीन वेळा तिला असंच पकडलं आणि मग रागावून गप्प झाली. तेल संपत आलं तेव्हा मात्र बोलली, वात बारीक कर. प्रज्वलने मुकाट्याने केली.

अशी ती तळघरात पोचली. तेच लोखंडी दार, आता गंजाचे पापुद्रे दिसणारं. कंदीलवालीने चावी फिरवली, कडीला हात घातला. आणि प्रज्वलचा अंगठा थांबला. चित्र गोठलं नव्हतं, कंदिलाची ज्योत हलत होती. थांबला होता तो. त्याने डोळे मिटले आणि कीर्तीला म्हणाला, "ताई, तू सांग."

"नाही सांगणार," कीर्ती म्हणाली. "या वेळी तू बघ."

मग बनूबाईच म्हणाली, "उघड रं. किती वरीस उबी हाय ती पोर." आणि तिने माझं बटण दाबलं. ते बटण कशालाच जोडलेलं नव्हतं. पण प्रज्वलने डोळे उघडले आणि त्याच क्षणी त्याचं दाबलं.

कडीचा आवाज झाला. दार करकरत उघडलं. मग बराच वेळ नुसता वाऱ्याचा आवाज.

"काय हाय? कोन हाय आत?" बनूबाईने विचारलं. तिने कीर्तीचा हात ओढला.

"जिना आहे आई," कीर्ती म्हणाली. "वर जाणारा. वर उजेड आहे." आणि ती रडायला लागली.

प्रज्वल टीव्हीवरची अक्षरं वाचत होता. तिथे लिहिलं होतं, भाग दुसरा. तो वेड्यासारखा हसायला लागला. ज्याला आपण शेवट शेवट म्हणत होतो ते अर्ध्यावरचं दार होतं, हे त्याने आईला सांगितलं. सगळं उल्हासनगर, सगळं अंबरनाथ अर्ध्यावरून परत फिरलं होतं.

बनूबाई माझ्या पट्टीवरून अंगठा फिरवत राहिली. "येवढं बाकी हाय?" ती म्हणाली.

मग तिने विचारलं, वरती काय दिसतंय. कीर्ती डोळे पुसत सांगायला लागली, खाडी आहे, पाणी आहे, सकाळ झालीय. बनूबाईने तिला मध्येच थांबवलं. "तू नीट सांगत नाय. मगाधरनं गालतंस. मना बघायचं हाय."

प्रज्वलने टीव्हीचा आवाज बंद केला.

"तुमचे आण्णा गेले तवा मी अशीच दाराशी बसले होते," ती म्हणाली. "दार उघडला आनि भलताच मानूस भायेर आला. मना वाटतं, मी आत गेले न मीच भायेर नाय आले तर. नाय तर तुमी बसलेलं असाल, न भलताच कोन येल." एवढं ती पहिल्यांदाच बोलली. पोरांना वाटत होतं ती सुईला घाबरते.

कीर्ती म्हणाली, मी दाराबाहेर बसेन, उठणार नाही, पाणी प्यायलाही नाही. प्रज्वल म्हणाला, मीपण. बनूबाईने त्याच्या दिशेने तोंड करून विचारलं, "डोले उघडे ठेवशील?" त्याने हो म्हटलं. त्यावर ती माझ्याकडे वळली आणि कीर्तीला म्हणाली, "याला पन घेऊन बस."

तर मंडळी, हे सगळं मी तुम्हाला सांगतोय ते बदलापूरच्या डोळ्यांच्या एका दवाखान्यातल्या बाकावरून. कीर्तीच्या मांडीवर आहे. समोर एक पांढरं दार आहे आणि त्याच्या आत बनूबाई. आत जाताना तिने मला आपल्या पदरात लपवून न्यायचा प्रयत्न केला. नर्सने मला हातात घेऊन उलटसुलट बघितलं आणि विचारलं, आजी, हे काय आहे? बनूबाई म्हणाली, आमच्या मालकांचा आहे. नर्सने पुढे काही न विचारता मला कीर्तीकडे दिलं.

आता माझं काय राहिलंय? डावी मोटर केव्हाच बसली, गोल बटण आत रुतलंय, वायर कुठे जोडावी अशी जागा जगात उरलेली नाही. नव्याने बनवून घ्यायला कंदीलवालीमागे मोठी कंपनी आहे, माझ्यामागे लछूशेठही नाही. त्याच्या गाळ्यात आता मोबाईलची कव्हरं मिळतात. माझी तक्रार नाही. एवढंच मागणं आहे, की तुमच्या माळ्यावर, कपाटाच्या तळाशी माझ्यासारखा कुणी पडला असेल तर टाकायच्या आधी एकदा हातात धरा. नीट दोन्ही हातांनी धरा. अंगठे कुठे ठेवायचे ते तुमच्या अंगठ्यांना आठवेल, आणि शेजारी कोण बसायचं तेही. मग टाका हवं तर. माझी ही काळी पट्टी मात्र कुणी काढू नका.

प्रज्वल शेजारी बसलाय. डोळे उघडे आहेत, पापणीसुद्धा लववत नाही, पाणी येतंय तरी. मी थरथरतोय. मोटर तर बंद आहे, म्हणजे ही कीर्तीच्या हातांची थरथर असणार.

कडी वाजली. दार उघडतंय.

नर्स आहे. आणि तिचा हात धरून, एका डोळ्यावर पांढरी पट्टी, पदर नीट केलेला, आमची बनूबाई. कीर्ती उठते. बनूबाई हात पुढे करून चाचपते, आधी मला शोधते, मग कीर्तीला, मग प्रज्वलचं डोकं. आणि भर दवाखान्यात दरडावून विचारते:

"माज्याबिगर पुढं खेलला नाय ना?"